वाकळांनी सोडवलेला हौद

हिराक्कावर अन्याय झाला. गेल्या वर्षी, अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेनऊ वाजता, ती वाकून दुसऱ्याच्या घरची चादर पिळत असताना झाला. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण अशा गोष्टी ‘काळाच्या ओघात’ घडतात असं लिहायची आपल्याकडे वाईट खोड आहे. काळ काही करत नाही. माणसं करतात. साडेनऊला करतात आणि दहाला चहा पितात.

त्या सकाळी आमच्या गावच्या खालच्या वेशीतल्या दगडी हौदाचं पाणी नगरपरिषदेच्या माणसांनी बंद केलं. भोवती निळे पत्रे ठोकले. काठावरची हिराक्काची बादली, साबणाचा डबा आणि धुणं बडवायचा लाकडी दांडका ‘अतिक्रमण’ म्हणून घंटागाडीत टाकून नेला. जेसीबीचा दात लागून तिचा धुण्याचा दगड मधोमध तडकला. मग पत्र्यावर फलक लागला: ‘नियोजित सेल्फी पॉइंट व परिसर सुशोभीकरण’. म्हणजे हौद बुजवायचा, त्यावर गावाच्या नावाची दिव्यांची अक्षरं उभी करायची आणि शेजारी एक लाल बदाम.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर बाकीच्या गावांना वाटेल, हे त्यांच्याकडे होत नाही. सातारा आणि सांगली यांच्यामध्ये नकाशावर कुठंही बोट ठेवा, चालेल.

हिराक्का साठीच्या पुढची. पोट भरते ती लोकांच्या वाकळा धुऊन. शहरातल्या वाचकांसाठी सांगते: जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक शिवून केलेलं जाड अंथरूण, त्याला आमच्याकडे वाकळ म्हणतात. कोरडी असताना ती उबदार असते. ओली झाली की वासराएवढी जड. वॉशिंग मशीनमध्ये कोंबली तर मशीन थरथरत मोरीच्या दारापर्यंत चालत येतं. फ्लॅटच्या बाथरूममध्ये पसरली तर माणूस बाहेर. म्हणून अर्ध्या गावाच्या वाकळा हिराक्काकडे, आणि उरलेल्या अर्ध्या गावच्या बाया आपापल्या वाकळा घेऊन हौदावर. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या खापरी नळातून हौदात येतं, बारा महिने. भोवती सतरा दगड. मागं वेशीची भिंत, वाळत घालायला.

आता माझं काम. मला बघायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, “मुलगी काय करते?” आई म्हणाली, “छापखान्यात आहे.” मी म्हटलं, “हरकती घेते.” पाहुणे चहा पिऊन गेले.

पोट छापखान्यातल्या लग्नपत्रिकांवर चालतं हे खरं, पण काम हरकतींचंच. सार्वजनिक जागेचं काही करायचं असलं की कार्यालय आधी सूचना लावतं: कुणाची हरकत असेल तर अमुक दिवसांत लेखी द्या. ही सूचना कुठं लागते? जिन्याखाली, कपाटाच्या मागं, गेल्या वर्षीच्या कोंबड्यांच्या लसीकरणाच्या कागदाखाली. मी दर सोमवारी आसपासच्या पाच गावांत जाऊन तो कागद शोधते, त्या आळीत नेते, सोप्या भाषेत पत्रक लिहिते, दारोदार वाटते आणि हरकती गोळा करते. प्रत्येकाची वेगळ्या कागदावर. एका अर्जाखाली शंभर सह्या केल्या तर साहेब त्याला एकच हरकत म्हणतात. मग आवक विभागात अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायचा, त्याला पोच म्हणतात. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समजा. एवढाच हा धंदा. पाय दुखतात, अक्कल फार लागत नाही, लाज अजिबात लागत नाही.

गिऱ्हाइकं मात्र एकेक भारी. एकानं मैदान वाचवायचं पत्रक करून घेतलं. वाटायला गेले तर अर्ध्या मैदानाला त्याचंच कुंपण. सांगलीकडच्या एका गावात जुन्या तालमीचे वस्ताद मोठ्या प्रेमानं बोलवायला आले, “ताई, पोरांनी वारसा जपलाय, येऊन बघा.” गेले. तालमीच्या दगडी भिंतींना छातीएवढ्या उंचीपर्यंत बाथरूमच्या फरशा. फरशांवर डॉल्फिन.

“कसं दिसतंय?”

“छान. पोहायचं कुठं?”

वस्ताद वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस फोन आला, “काढल्या. या आता.” बस. आमच्या धंद्यातला सत्कार असाच असतो.

तर हौद. सूचना मला सापडली तेव्हा हरकतीचे दिवस निम्मे संपले होते. पत्रक त्याच दुपारी लिहिलं. लिहिलं काय, फोडलं. ‘शिवकालीन हौद वाचवा! महाराजांच्या घोडदळानं जिथं तहान भागवली, तो पवित्र ठेवा बुजवणाऱ्यांनो, जाब द्या!’ तीन उद्गारचिन्हं छापखान्याच्या मालकांनी काढायला लावली, तरी पाच उरली.

वेशीच्या कट्ट्यावर सुभेदार आबा बसायचे. फौजेतून निवृत्त, मिशी अजून नोकरीत. त्यांनी पत्रक हात लांब करून वाचलं.

“शिवकालीन हाय ह्याचा प्रूफ काय?”

“आबा, अख्खं गाव म्हणतं.”

“गाव म्हणतं ते रिपोर्टमधी चालत न्हाई, बेटा. आदी कन्फर्म, मग फायर.”

मी ऐकलं नाही. मला घाई होती आणि राग होता. आमच्या भागात दोनशे वर्षांहून जुना दिसणारा प्रत्येक दगड शिवकालीन असतो, हे मी लहानपणापासून ऐकत आले. पत्रकाचा परिणाम असा झाला की वेशीतल्या मंडळाचा अध्यक्ष सचिन आणि त्याची सगळी पोरं दुसऱ्या दिवशी पत्र्यांवर भगवे झेंडे लावून ढोल वाजवायला हजर. रील निघाले. मला वाटलं, जिंकलो.

आषाढात सुनावणी झाली. निवडून आलेले नगरसेवक तेव्हा नव्हतेच, कारभार प्रशासकाचा, मुख्याधिकारी तेच. कोकणातून आलेले, तरुण, परीक्षा पास झालेले, शर्ट इस्त्रीचा. त्यांनी एक म्हातारे जाणकार बोलावले होते. जाणकारांनी आवाज न चढवता सांगितलं: दगडाची घडण अशी, सांधे असे, तोटीचं लोखंड असं. मग जुन्या दप्तरातल्या लिपिकानं फडक्यातून एक वही काढली. नगरपालिकेचाच ठराव. हौद नगरपालिकेनंच बांधलेला, दुष्काळी कामावर, गावातल्या लोकांच्या हातानं. माझ्या पणजोबांच्या वयाचा.

मुख्याधिकारी माझ्याकडे बघून म्हणाले, “मॅडम, महाराजांचे घोडे नगरपालिकेच्या हौदावर पाणी प्यायला आले होते का?”

सभागृह हसलं. शिपाईसुद्धा हसला. सचिन हसला नाही, तो उठून गेला. जिन्यात मला म्हणाला, “ताई, आमची पार लाज काढलीत. राजांचं नाव घिऊन खोटं छापलंत.” पोरांनी त्याच संध्याकाळी झेंडे काढून नेले. आणि फायलीत दोन ओळी पडल्या: ‘ऐतिहासिक महत्त्व नाही. वापर नाही.’

पहिली ओळ माझ्यामुळे पडली. हे मला झाकायचं नाही.

हिराक्का तेव्हा एका मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगणात भांडी घासत होती. मी माफी मागायला गेले होते. माफीची वाक्यं पाठ करून. तिनं कढई उपडी केली आणि म्हणाली,

“आलीस व्हय गं, घोडी घिऊन?”

“अक्का, चुकले.”

“चुकलीस ते चुकलीसच. पर चुकलीस कुठं, ते कळलं का?”

“पुरावा बघायला पाहिजे होता.”

“पुरावा गेला खड्ड्यात. हौद कुणी बांधला ते तू गावभर इचारलंस. हौदावर कोण काय करतं, ते मला इचारलंस का? कधी तरी?” तिनं हात पुसले. बोटांच्या बेचक्यांत भांड्यांच्या पावडरनं जखमा झाल्या होत्या. “तुमच्या घरच्या चार वाकळा मी धुते. त्यात हिरव्या काठाच्या लुगड्याची एक हाय. तुझ्या आईच्या बाळंतपणातलं लुगडं त्ये. तुझ्याच येळचं. तू तिच्यावर झोपतीस. हाय म्हाईत?”

माहीत नव्हतं. सत्तावीस वर्षं त्या वाकळेवर झोपले, ती दर दसऱ्याला धुऊन येते हे बघितलं, आणि पत्रकात घोडे शोधत बसले.

“लिव्ह,” ती म्हणाली.

“काय?”

“मी सांगते त्ये. कागद हाय न्हवं पिशवीत? का त्यात बी घोडीच हायत?”

आणि तिनं एकेक दगड सांगायला सुरुवात केली. तोटीपासून पहिला, गुरवांच्या घरचा. दुसरा, मुल्लांच्या आणि शेजारच्या कोष्ट्यांच्या घरचा, एका दिवसाआड. पाचवा जरा उतरता, त्यावर फक्त बाळाचे कपडे, कारण पाणी साचत नाही. नवीन सून आली की सासू तिला हळदीच्या अंगानं आणून आपल्या घरचा दगड दाखवते. लेखी काही नाही, पण दुसऱ्याच्या दगडावर कुणी बसत नाही. कोपऱ्यातला सतरावा सुतकाचा. घरात कुणी गेलं की दहाव्याचं धुणं त्यावर; एरवी त्याला हात लावायचा नाही, आणि त्याला कुणी वाईटही म्हणायचं नाही. “सगळ्यास्नी कवा ना कवा तिथं बसाय लागतंय.” हा कायदा कुठल्या दप्तरात नव्हता. सतरा दगडांचा, चार-पाच जातींचा, दोन धर्मांचा, आणि एकही भांडण पोलिसात गेलेलं नाही. मी पाच वर्षं वारसा वारसा म्हणून घसा कोरडा करत होते, आणि वारसा पाठीमागच्या अंगणात कढया घासत होता.

दुसरं पत्रक अर्ध्या पानाचं झालं. विशेषण एकही नाही. ‘खालच्या वेशीतल्या हौदावर कोण काय धुतं’, आणि खाली सतरा ओळी. सुभेदार आबांनी हात लांब करून वाचलं, खिशातलं पेन काढलं आणि कोपऱ्यात बरोबरची खूण केली. तेवढंच.

मग हरकती. घरोघर फिरून प्रत्येकीला तिच्याच शब्दांत लिहायला लावल्या. ‘मी दर वर्षी पाच वाकळा इथं धुते. बाथरूम तीन बाय चारचं आहे.’ ‘मला गुडघ्यामुळं खाली बसता येत नाही, हौदाचा तिसरा दगड उंच आहे.’ एकीनं लिहिलं, ‘सासूबाई व मी मोकळेपणी भांडण फक्त हौदावर करू शकतो, घरी भाडेकरू ऐकतात.’ मी विचारलं, हे ठेवायचं का? सासूबाई आतून ओरडल्या, “ठेव की! खरं हाय त्ये!” ठेवलं. पोच घेतली.

हरकतीचे दिवस संपलेच होते, पण सगळ्या कागदांवर शिक्के होते, म्हणून मुख्याधिकाऱ्यांना श्रावणात पुन्हा सुनावणी लावावी लागली. त्यांनी फाइल उघडली. “पंचनाम्यात स्पष्ट आहे. वापर नाही. पंच प्रत्यक्ष गेले होते, तिथं एकही व्यक्ती आढळली नाही.”

आबा उभे राहिले. सावधानमध्येच.

“साहेब, पत्रे कवा ठोकले?”

“मे महिन्यात.”

“पंचनामा कवा?”

साहेबांनी पान उलटलं. “जूनमध्ये.”

“मंजे घराला बाहेरनं कुलूप घातलं, मग कडी वाजिवली, आन् लिव्हलं की घरात कोण ऱ्हात न्हाई. साहेब, आमच्या युनिटमधी असा रिपोर्ट दिला असता तर आमाला पाठीवर वजनाचा पिट्टू बांधून ग्राउंडला चक्कर मारायला लावलं असतं.”

पुन्हा सभागृह हसलं. या वेळी आमच्या बाजूनं. आबांनी लेखी अर्ज पुढं केला: स्थळपाहणी व्हावी, त्या दिवशी पत्रे काढावेत, पाणी सोडावं. साहेब वाईट माणूस नव्हते. कागदावर विश्वास ठेवणारे होते, आणि आता कागदच लंगडा निघाला होता. त्यांनी डायरी काढली.

“गणपतीत बंदोबस्त आहे. त्यानंतर… पितृपंधरवड्यात ठेवू. त्या दिवसांत कुणी काही करत नाही, म्हणजे उगाच गर्दी, झेंडे, ढोल नकोत. सर्वपित्रीच्या आदल्या गुरुवारी, सकाळी अकरा. एक दिवस पत्रे काढून देतो. चालेल?”

मागच्या बाकावर हिराक्कानं पदर तोंडात धरला. मला वाटलं रडतेय. बाहेर येऊन बघते तर ती पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती.

“आगं बया! सायबानं दसरा काढायचा दिस दिला की गं आपल्याला!”

कोकणातल्या साहेबांना हे कळायचं कारण नव्हतं. आमच्याकडे घटस्थापनेच्या आधी घर धुऊन काढतात. भांडी, पाट, चादरी आणि घरातली एकूण एक वाकळ. त्याला दसरा काढणं म्हणतात, आणि ते होतं पितृपंधरवड्याच्या शेवटच्या दिवसांत. घट बसायच्या आत मळकं अंथरूण घरात राहता कामा नये. वर्षात हौद सगळ्यात जास्त कधी वाजत असेल, तर तेव्हा. साहेबांनी बारा महिन्यांतून नेमका तोच आठवडा उचलला, गर्दी नको म्हणून.

मी त्या दिवसासाठी पत्रक काढलं नाही. काही म्हणजे काही छापलं नाही. हिराक्का म्हणाली, “गप बस. बायका धुणं घिऊन येत्यात, त्यास्नी बोलवाय लागत न्हाई.” नदीवर जायचं तर त्या वर्षी पाणी मोठं आणि त्यात मगर दिसलेली. सगळ्यांच्या वाकळा घरात अडकून पडल्या होत्या.

गुरुवारी सकाळी आठला नगरपरिषदेच्या माणसांनी पत्रे काढले, चावी फिरवली. आणि तोटीतून पाणी आलं नाही.

थेंब नाही. चावी पुन्हा फिरवली. आत कुठंतरी हवा खाकरल्यासारखी वाजली आणि थांबली. पाच महिने बंद पडलेला खापरी नळ. बाया यायला लागल्या होत्या, डोक्यावर वाकळांची गाठोडी, कमरेला बादल्या. नऊ वाजले. नगरपरिषदेचा फिटर म्हणाला, “ताई, लाइन डेड झालीया. आता काय खरं न्हाई.” कोरड्या हौदावर साहेब आले असते तर पंचनाम्यात तिसरी ओळ पडली असती, ‘पाणी नाही’, आणि मग कुठल्याच हरकतीला अर्थ उरला नसता.

हिराक्का हौदाकडे आलीच नाही. ती सरळ वरच्या रस्त्यानं चालायला लागली. मी मागं पळाले. वेशीपासून चढावर, पोल्ट्रीच्या मागं घाणेरीच्या झुडपात ती थांबली आणि पायानं जमीन चाचपायला लागली.

“हितं ढापा हाय. गाळ हितं बसतो. दरसाल बैलांच्या बेंदराच्या आदल्या दिशी आमी चौघी काढायचो. औंदा कोण आलंच न्हाई.”

झुडपाखाली दगडी झाकण होतं. चौघांना उचलेल असं. आम्ही दोघी. मी फोन काढला आणि ज्याला करायची लाज वाटत होती त्यालाच केला. सचिननं उचलला, पण बोलायच्या आतच मागून त्याच्या आईचा आवाज आला: “कुणाचा रं? हौदावरनं? पाणी आलं का? सात वाकळा बांधून बसलीया मी!” पंधरा मिनिटांत मंडळाची नऊ पोरं पहारी घेऊन वर. सचिन माझ्याकडे न बघता म्हणाला, “आईसाठी आलोय.” म्हटलं, “माझ्यासाठी ये असं कोण म्हणतंय?”

झाकण सरकलं. आत गाळ, आणि उंबराच्या मुळ्या, केसांच्या बुचड्यासारख्या. पोरांनी त्या हातानं ओढून काढल्या. हिराक्का वरून हुकूम सोडत होती: “डावीकडचं भोक! त्ये न्हवं रं, डावं म्हंजे तुझं डावं! खापर फोडशील तर तुझ्या आईला सांगीन.” दहा वीसला खाली वेशीतून बायकांचा एकच ओरडा ऐकू आला. आधी तांबडं आलं, मग गढूळ, मग पावणेअकराला स्वच्छ.

अकराला साहेबांची जीप वेशीत शिरली आणि तिथंच थांबली, कारण पुढं जायला जागा नव्हती.

सतराच्या सतरा दगडांवर धुणं. सुतकाच्या दगडावरसुद्धा एक घर होतं, दहा दिवसांपूर्वी माणूस गेलेलं, आणि त्यांच्याभोवती बायांनी न सांगता हातभर जागा मोकळी सोडली होती. वाकळा दोघी-दोघी मिळून पायांनी तुडवत होत्या. वेशीची भिंत बुरुजापर्यंत रंगांनी भरलेली. जावा भांडत होत्या, पोरं साबणाच्या पाण्यातून घसरत होती. साहेब शर्ट सांभाळत उतरले. मागं लिपिक पंचनाम्याचे कागद छातीशी धरून.

“हे… आज काय आहे?”

“गुरुवार,” आबा म्हणाले.

तेवढ्यात मुल्लांच्या चाची एक वाकळ पाण्यातून काढून उभ्या. ती पिळायला दोघं लागतात, दोन टोकांना, उलट्या दिशेनं. त्यांची सून भिंतीकडं वाळत घालायला गेलेली. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि सगळ्यात जवळच्या रिकाम्या हातांच्या माणसाला टोक दिलं. “धर रे बाबा.” साहेबांनी धरलं. काय करणार? चाची इकडून पिळत होत्या, साहेब तिकडून, आणि वाकळेचं पाणी सगळंच्या सगळं इस्त्रीच्या शर्टवर. “उलटं फिरव की! कधी पिळली न्हाईस व्हय?” साहेब म्हणाले, “नाही, आमच्याकडे वाकळ नसते.” चाची म्हणाल्या, “आरारा.” आणि खरंच वाईट वाटून म्हणाल्या.

लिपिकानं विचारलं, “साहेब, वापराच्या रकान्यात काय लिहू?”

साहेब उत्तर देणार, तोच त्यांचा ड्रायव्हर पुढं झाला. मान खाली घालून. “साहेब, माफ करा. डिकीत आमच्या घरच्या दोन हायत. गाडी थांबलीच हाय तर… तेवढ्या देऊ का अक्काकडं?”

साहेब हसले. पहिल्यांदा. ओल्या शर्टात उभे राहून म्हणाले, “लिहा. वापर: आहे.”

दसऱ्यानंतर आठवड्यात आदेश आला. सेल्फी पॉइंटचा प्रस्ताव रद्द. हौद सार्वजनिक धुण्याची जागा म्हणून नोंदवायचा, पाणी बंद करायचं झाल्यास वापरणाऱ्या बायकांना आधी लेखी कळवायचं. देखरेखीच्या समितीत सात बायका, आबा, आणि सचिन. सचिननं पहिल्याच बैठकीत हौदाला ऑइल पेंट देऊ या म्हटलं. हिराक्कानं त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो विषय संपला.

आता तिथं संध्याकाळी माणसं बसतात. कट्ट्याची फरशी पोरांनी नीट केली, दिवा आला, दर शनिवारी आबा पेपर मोठ्यानं वाचतात आणि बायका त्यांचे उच्चार दुरुस्त करतात. यंदा दसरा काढायच्या दिवसांत भिंतीवरच्या वाकळांचे फोटो काढायला साताऱ्याहून माणसं आली होती. बदामाशिवाय फोटो चांगले येतात.

पण सगळं परत आलं असं लिहिणार नाही. हिराक्काचा दगड तडकलेलाच आहे. त्यावर वाकळेचा दोरा अडकतो, म्हणून ती आता आठव्यावर बसते, आणि तो तिचा नाही हे तिला रोज जाणवतं. पाच महिने तिनं भांडी घासली, त्यातले निदान तीन माझ्या घोड्यांमुळे. मी पहिल्याच दिवशी तिला विचारलं असतं, तर आषाढातच सुटलो असतो. ते जुनं पत्रक अजून व्हॉट्सॲपवर फिरतं. मागच्याच महिन्यात म्हसवडकडून एकाचा फोन आला, “ताई, घोड्यांचा हौद कुठं हाय?” आणि फायलीतली ‘ऐतिहासिक महत्त्व नाही’ ही ओळ तशीच आहे. तिच्यावर मी हरकत घेतलेली नाही.

आता तुमच्याकडे वळते. तुमच्या आळीत अशी एक जागा आहेच. पार असेल, तालीम असेल, आड असेल, पिठाच्या गिरणीसमोरचा कट्टा असेल. ती किती जुनी, कुणी बांधली, हे शोधत बसू नका, ते नंतर. आज संध्याकाळी हा अंक बाजूला ठेवा, कागद-पेन घ्या आणि तिथं जाऊन लिहून काढा: इथं कोण येतं, कधी येतं, काय करतं. नावानिशी लिहा. सगळ्यात म्हाताऱ्या बाईला आधी विचारा. आणि त्या यादीत तुमचं स्वतःचं नाव लिहिण्यासारखं काहीच नसेल, तर अजून ती जागा वाचवायला निघू नका. आधी तिथं बसा, खेळा, धुवा, भांडा. मग पहिल्या ओळीत तुमचं नाव लिहा.